पॉइंट काढले तेव्हा

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लिफ्टच्या शेजारच्या खांबाला लागून बाबांची गाडी उभी असते. चौकोनी, फिकट पिवळसर रंगाची, गिअर स्टिअरिंगपाशी असलेली. माझ्यापेक्षा वयाने मोठी. कोथरूडमध्ये आता अशी गाडी लोक लग्नाआधीच्या फोटोंसाठी भाड्याने मागतात. बाबा देत नाहीत. "गाडी आहे, मखर नाही," एवढंच सांगून ते फोन ठेवतात.

रविवारी सकाळी ते माझ्या खोलीचं दार वाजवायचे. एकदाच. दुसऱ्यांदा वाजवणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. मी उठायचे, जुना टी-शर्ट चढवायचे आणि चहा न घेता खाली जायचे. आठवडाभर हिंजवडीची बस, ऑफिस, पुन्हा बस. रविवार हा एकच दिवस, आणि तो बॉनेटखाली वाकून सुरू व्हायचा.

काम म्हटलं तर छोटं होतं. इंजिनाच्या कडेला डिस्ट्रिब्युटर नावाचा डबा असतो. त्याच्या आत धातूचे दोन बारीक ठिपके सतत एकमेकांना टेकतात आणि सुटतात. ते सुटले की प्लगमध्ये ठिणगी पडते. त्यांना पॉइंट म्हणतात. ते झिजतात, काळे पडतात, मधली फट कमीजास्त होते आणि गाडी कुरकुरायला लागते. मग कॅप काढायची, पॉइंट घासायचे, मध्ये पोलादाची पातळ पट्टी घालून फट बघायची आणि स्क्रू आवळायचा. दर आठवड्याला याची गरज नसते. बाबांना असायची.

पूर्वी ते स्वतः करत. मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, गोळ्या दिल्या, गाडी चालवायला मनाई केली. हात थरथरत असताना एका हाताने पट्टी धरून दुसऱ्या हाताने स्क्रू आवळता येत नाही. म्हणून माझे हात. बाबा शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सांगायचे.

"पट्टी सरकताना किंचित ओढ लागली पाहिजे."

"लागतेय."

"किंचित म्हटलं. तू तर नांगर ओढल्यासारखी ओढतेयस."

स्क्रू आवळला की फट बदलायची. पुन्हा सैल, पुन्हा पट्टी. दुधाच्या पिशव्या घेऊन येणारे शेजारचे काका थांबून विचारायचे, "काय, आज तरी चालू होणार का?" मी हसल्यासारखं करायचे. उत्तर द्यायचं काम बाबांकडे असायचं. "चालूच आहे. तुम्ही चालू लागा."

गाडी विकायचा विषय निघायचा नाही असं नाही. पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडीला महत्त्व आलं. फिजिओथेरपीला जाताना तिला पाय वाकवून बसता येत नव्हतं. रिक्षात पाय मावायचा नाही, टॅक्सीत समोरच्या सीटला लागायचा. बाबांच्या गाडीची मागची सीट सोफ्यासारखी. आई तिच्यावर आडवा पाय टाकून, पाठीशी उशी घेऊन बसायची. चालवायचे मी.

आणि एकदा कर्वे रस्त्यावर, भर गर्दीत, गाडी बंद पडली. पॉइंटची फट मिटली होती. मागे हॉर्न वाजत होते. मी बॉनेट उघडून उभी होते आणि दोन मुलं बाइकवरून ओरडून गेली, "ताई, म्युझियम तिकडंय!" आई खिडकीतून म्हणाली, "होईल गं, सावकाश कर." ती सावकाश म्हणाली तेव्हा मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी डिस्ट्रिब्युटरकडे बघत राहिले.

त्यानंतर मी इलेक्ट्रॉनिक इग्निशनबद्दल वाचून काढलं. पॉइंटच्या जागी एक बंद मॉड्युल बसतं. टेकणं नाही, घासणं नाही. मी बाबांना आठवडाभर जेवताना थोडंथोडं सांगत होते. मायलेज सुधारतं. थंडीत पटकन सुरू होते. ठिणगी जोरदार पडते. बाबा ऐकायचे आणि भाजी वाढून घ्यायचे. शेवटी म्हणाले, "लाव. तुलाच चालवायचीय."

कसब्याच्या अलीकडे ज्यांच्याकडे गाडी पूर्वीपासून जाते त्या मेकॅनिकनी ते बसवलं. जुने पॉइंट त्यांनी कापडात गुंडाळून डिकीत ठेवले. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. परत येताना मी बाबांना म्हटलं, "आता काहीच बघायला लागणार नाही."

"बरं," ते म्हणाले.

इथे बाबांची एक सवय सांगायला हवी. रोज संध्याकाळी आई मालिका बघायला बसली की ते खाली जाऊन गाडीत बसत आणि रेडिओ ऐकत. रेडिओ किल्ली फिरवल्याशिवाय लागत नाही. पण इंजिन बंद असताना किल्ली फिरवली आणि पॉइंट नेमके टेकलेले असले, तर ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या कॉइलमधून वीज वाहत राहते आणि ती तापते. म्हणून बाबा आधी वीज वाहतेय का ते दाखवणाऱ्या अँमीटरचा काटा बघत. काटा कलला असेल तर गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून, बाहेर उभं राहून, खांद्याने बोटभर पुढे ढकलत. पॉइंट उघडले की काटा मध्यावर यायचा. मग आत बसून बातम्या. शेजाऱ्यांना वाटायचं, गाडी बिघडलीय आणि म्हातारा ढकलतोय.

मॉड्युल बसल्यावर बाबांनी ढकलणं सोडून दिलं. पॉइंटच नाहीत तर उघडायचे काय? मीच सांगितलं होतं की आता काही बघायचं नाही. ते शांतपणे किल्ली फिरवून बसत राहिले.

पुढच्या फिजिओथेरपीच्या दिवशी आई मागे पाय पसरून बसली, उशी लावून झाली, आणि गाडी सुरू झाली नाही. इंजिन फिरत होतं, ठिणगी नव्हती. मेकॅनिक स्कूटरवरून आले. कॅप काढून त्यांनी वास घेतला.

"किल्ली चालू ठेवून बसलं होतं का कोण?"

मी बाबांकडे बघितलं नाही.

"मी," बाबा म्हणाले.

"काका, ह्याला तसं नाही चालत. जळालंय बघा. मीपण सांगायला पायजे होतं."

"मला सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "काही बघायचं नाही म्हणून."

मेकॅनिकनी डिकीतून जुने पॉइंट काढून बसवले. "आज निघा तुम्ही. दुसरं मागवायचं का ते ठरवून सांगा." आईला उशीर झालाच. जाताना आई मधूनच म्हणाली, "अहो, काच जरा वर करा." बाबांनी थरथरत्या हाताने काच वर केली, आणि तेवढंच झालं.

रविवारी सकाळी दार वाजलं.

मी खाली गेले. बाबा खुर्चीत बसले होते, पट्ट्यांचा जुडगा मांडीवर. नेहमीपेक्षा ताठ बसले होते. मी वाकले, पॉइंट घासले, पट्टी घातली, स्क्रू आवळला. फट बदलली. पुन्हा. फट बदलली.

"घाई करू नकोस," बाबा म्हणाले. "नाहीतरी त्या मॉड्युलचा भरवसा नाहीच. बघ तू, मायलेजसुद्धा..."

"बाबा, मला रविवारी झोपायचंय."

मी इंजिनाकडे बघूनच बोलले होते. पाठीमागे खुर्ची करकरली.

"एवढंच?"

"खूप दमते मी."

"मग तसं सांगायचं ना. आठवडाभर मायलेज, ठिणगी, थंडी काय लावलं होतंस? मला वाटलं गाडीत दोष दिसतोय तुला."

घरात मी दमले असं सरळ म्हणायची पद्धत नाही. आईसुद्धा ऑपरेशनच्या आधी वर्षभर "देवळाच्या पायऱ्या जरा उंच आहेत" म्हणत होती.

"हे पूर्ण कर," बाबा म्हणाले. "अर्धवट ठेवून चालायचं नाही. मग मी फोन लावतो त्याला."

फोन त्यांनीच लावला. दुसरं मॉड्युल मागवा, आणि रेडिओला किल्लीपासून वेगळं बटण काढून द्या, असं नीट, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. फोन उजव्या हातात होता. मग त्यांनी तो डाव्या हातात घेतला.

नवीन मॉड्युल अजून तरी ठीक आहे. गाडी लगेच सुरू होते. बाबा संध्याकाळी बटण दाबून रेडिओ ऐकतात. बॉनेट उघडत नाहीत.

पहिल्या मोकळ्या रविवारी मला नेहमीच्याच वेळी जाग आली. बाबांची पावलं माझ्या दारापर्यंत आली, थांबली, आणि परत गेली. स्वयंपाकघरात त्यांनी आईला काहीतरी हळू आवाजात सांगितलं आणि भांड्यांचा आवाज बंद झाला. मी डोळे मिटून पडून राहिले. झोप आली नाही. तरी उठले नाही.