माझ्या तोंडावरची रेघ

आमचे हे चित्रकलेच्या कॉलेजात छपाईचं यंत्र चालवतात. अठ्ठावीस वर्षं झाली. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, कलावंतांत वावरतो म्हणजे माणूस जरा हळवा असेल. कसलं काय! घरी यांच्या तोंडून शब्द काढायचा तर पक्कड लागेल. नखं बारा महिने काळी. मुलं जस्ताच्या पत्र्यावर सुईने चित्र कोरतात, पत्रा अ‍ॅसिडात बुडवतात आणि जग जिंकल्यासारखी चहा प्यायला जातात. पुढची हमाली यांची. पत्र्यात शाई भरा, वरची शाई तळहाताने पुसा, ओला कागद ठेवा, चाक फिरवा.

दरवर्षी शेवटच्या वर्गातली चोवीस मुलं मिळून एक संच काढतात. प्रत्येकाने एक चित्र करायचं आणि त्याचे पंचवीस छाप काढायचे. मग प्रत्येकाला सगळ्यांची चित्रं असलेली एकेक पेटी मिळते, पंचविसावी कॉलेजकडे राहते. छाप पुरे झाले की पत्र्यावर सुईने खोल रेघ मारून तो बाद करतात, पुन्हा कोणी गुपचूप छापायला नको म्हणून. हे काम यांचं. वर्षभर जीव ओतलेल्या पत्र्यावर ओरखडा पडताना मुली हुंदके देतात, एक दाढीवाला तर चक्कर येऊन पडला होता. यांना ढिम्म फरक पडत नाही. कर्रर्र करून रेघ मारतात आणि पुढचा पत्रा ओढतात. पोरांनी यांचं नाव ‘जल्लादकाका’ ठेवलंय.

यंदा त्या चोवीसांत आमची लेक होती. बयेने कोरावं कोणाला? मला! खुर्चीत पेंगलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंड उघडं. विचारलं का? नाव नको. वर यांनी ते पंचवीस वेळा छापलं आणि घरात अवाक्षर काढलं नाही. मला कळलं पेट्या वाटायच्या आदल्या दिवशी. तेवीस परक्या घरांत माझं उघडं तोंड जाणार म्हणून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पेट्या घ्यायला पालकांनाही बोलावलं होतं. मी भांडायच्या तयारीनेच गेले. टेबलावर चोवीस पत्रे मांडलेले, मोठे सर गळ्याला रुमाल बांधून क्षणभंगुरतेवर बोलत होते आणि शेजारी हे आपले रेघा मारत होते. तेवीस पत्रे झाले. शेवटी माझा आला. यांनी सुई टेकवली, उचलली. पुसून पुन्हा टेकवली. मग सुई खाली ठेवून म्हणाले, हा राहू द्या.

सरांची क्षणभंगुरता तिथेच अडकली. त्यांनी नियम सांगितला. रेघ नाही तर पोरीचं चित्र सगळ्या पेट्यांतून बाहेर, आणि तिचं वर्ष वाया. पोरगी पांढरीफटक पडली. मीच मारते म्हणाली, सरही पुढे झाले, पण हे पत्र्यावर दोन्ही हात पालथे घालून उभे. कोणालाही हात लावू देईनात. पोटच्या पोरीचं वर्ष बुडतंय आणि हा माणूस जस्त कवटाळून बसलाय! मला राहवेना.

“बाजूला व्हा,” मी म्हणाले. “तोंड माझं आहे.”

हात निघाले. मी सुई उचलली आणि कानापासून हनुवटीपर्यंत अशी ओढली की सर दोन पावलं मागे सरकले. पोरीने श्वास सोडला.

पत्रा बाद झाल्याचा पुरावा म्हणून रेघेसकट एक छाप काढायचा असतो. यांनी शाई भरली आणि पुसायला घेतलं. बाकीचे पत्रे दोन फटक्यांत पुसले होते. इथे तळहात गालावरून इतका हळू फिरत होता की भर सभेत मलाच कसंतरी झालं. माझ्या खऱ्या गालावरून असा हात कधी फिरला नव्हता. म्हटलं, अहो, आटपा, लोक खोळंबलेत.

“मला जमलंच नसतं गं,” ते म्हणाले. मान खाली घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

काय काय बोलायचं ते मी रिक्षात घोकून आले होते. त्यातलं एक वाक्य आठवेना. डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलंही नाही. यंत्राचं चाक जड होतं, म्हणून दुसऱ्या बाजूने मी हात लावला.