कूलरसमोरची जागा

आमच्याकडे मे महिन्यात पाहुण्याला कूलरसमोर बसवतात. मानाची जागा तीच. यवतमाळच्या उन्हाळी चित्रप्रदर्शनात मी चाचांचं चित्र त्याच विचाराने कूलरसमोरच्या भिंतीवर लावलं. इतकी वर्षं शाळेत चित्रकला शिकवते, पण पाहुणा वेगळा आणि कागद वेगळा, हे त्या दिवशी सुचलं नाही.

चाचा मूळचे उमरखेडचे, आता यवतमाळला आमच्या शेजारी राहतात. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पत्र्यावर, ऑइलपेंटने. ऊन-पावसाने त्या पाट्यांचं काही बिघडत नसे. मग फ्लेक्स आले आणि पाट्या भंगारात गेल्या. म्हणून चाचांनी बाजारातली एक अख्खी गल्ली आठवून काढली. दुकानं बोटभर, पण पाटीपाटीवरचं अक्षर जसंच्या तसं. हात थरथरतो, त्यामुळे सगळा हिवाळा त्यात गेला. ते पत्र्यावरच काढणार होते. ‘गॅलरीत पत्रा बरा दिसत नाही, कागदावर पोस्टर कलरने काढा,’ हे मी सांगितलं. फ्रेमची काचही मीच काढायला लावली. तिच्यात ट्यूबलाइट चमकत होती.

उद्घाटन झालं, चाचा दुपारच्या नमाजला गेले. हॉल तापला तसा कोणीतरी कूलर फुल केला. जाळीतलं गवत नवं होतं, हवेबरोबर पाण्याचे तुषार उडत होते. समोर उभ्या लोकांना ते छानच वाटत होतं. मी दाराशी हजेरीवहीवर सह्या घेत होते. तिथून येईपर्यंत पाट्यांवरची अक्षरं ओघळून चित्रातल्या रस्त्यावर उतरली होती.

मी कूलर बंद केला. मागून एक काकू म्हणाल्या, “ओ मॅडम, काहून बंद केला? जीव घेता काय आमचा?”

चाचा आले. चष्मा पुसून त्यांनी चित्र पाहिलं.

“पत्रा असता तं फडक्यानं पुसला असता,” एवढंच म्हणाले.

“चाचा, तुम्ही सांगा, मी अक्षरं भरून देते.”

“तुमचं अक्षर शाळेतलं हाये, बाई. ते पाहून गिऱ्हाईक पायरी नाही चढत.”

“मग तुम्हीच पुन्हा काढा. पुढच्या वर्षी लावू.”

त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. बोटं थांबत नव्हती. “मले काय सांगता? याले इचारा.”

चित्र उतरवून टेबलावर आडवं ठेवलं. निदान कुठे काय होतं ते तरी राहावं म्हणून मी निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलने लिहायला घेतलं. चाचा कागदाला बोट न लावता सांगू लागले. हे सायकलवालं. हे कापडाचं, याच्या अक्षराले वेल काढली होती. हा हकीम. हा घड्याळवाला, लय कटकट्या, दोनदा पाटी पुसाले लावली. त्या घड्याळवाल्यावर ते जरा हसलेही.

मग एका लाल डागाशी थांबले.

“लाल अक्षर, पिवळी शेड,” ते म्हणाले. “कोणाचं होतं व, बाई?”

“आठवा ना, चाचा.”

“इकडून हकीम, तिकडून घड्याळवाला. मधात कोण होतं?”

ते खरंच मला विचारत होते. उमरखेडला मी फक्त एसटी बदलायला उतरले आहे, स्टँडच्या बाहेर कधी गेले नाही. मी हकीम आणि घड्याळवाल्याच्या मधे ‘लाल अक्षर, पिवळी शेड’ एवढंच लिहिलं. मागे कोणीतरी कूलर परत सुरू केला.