दिसलं ते दिसलं

"दिसलं ना तुम्हाला? मग दिसलं. आता कुठं, ते दाखवा."

भूत पाहून घाबराघुबरा झालेला माणूस दारात आला की आमच्या बाई एवढंच म्हणायच्या आणि छत्री उचलायच्या. ऊन असो, थंडी असो, छत्री हातात. तिच्या मुठीने माझ्या दाराची लोखंडी जाळी वाजली की मी समजायचो, आपला रविवार गेला.

बाईंनी मला शाळेत इतिहास शिकवलेला. पुढे नाशिक रोडला एकाच इमारतीत आम्ही समोरासमोर राहायला आलो. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, या भुतं सांभाळू लागल्या. आधी माणसाचं सगळं ऐकून घ्यायचं, मग जुने उतारे, गॅझेटियर, वाचनालयातली पिवळी पडलेली वर्तमानपत्रं धुंडाळायची, आणि शेवटी माझ्या स्कूटरवर बसून जागा बघायला जायचं. माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. पेट्रोल मात्र माझं.

निफाडजवळच्या एका द्राक्षबागेत विहिरीपाशी एक म्हातारी उभी दिसायची. बागवाला रडकुंडीला आला होता. लय भ्या वाटतं बाई, म्हणाला, नुसती बघत उभी ऱ्हाती. जुन्या दुष्काळात त्या विहिरीत एका म्हातारीने जीव दिला होता, असं सगळं गाव छातीठोकपणे सांगत होतं. बाईंनी तालुक्याला खेटे घालून कागद काढले. दुष्काळात तिथं विहीरच नव्हती, ती बागवाल्याच्या वडिलांनी खोदलेली. मी खूश. चला, म्हटलं, भूत बुडालं, आता घरी.

बाई हलल्या नाहीत. बागवाल्याला जवळ बसवून त्यांनी हळूच विचारलं, "घरातलं कोण गेलं अलीकडे?"

त्याची आई गेली होती. रोज तिन्हीसांजेला त्याला जेवायला हाक मारायला ती त्याच विहिरीपाशी येऊन उभी राहायची. सांगता सांगता तो पन्नाशीचा गडी ढसाढसा रडला. बाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

परतताना मी म्हटलं, अहो बाई, हे सगळे मनाचे खेळ. तशी मागून डोक्यात टपली बसली. म्हणाल्या, विहीर खोटी ठरली, म्हातारी अजून ठरलेली नाही, घाई करू नकोस.

एकदा मात्र मी चिडलोच. नांदगाव स्कूटरला लांब, म्हणून एसटीने गेलो होतो. दिवसभर उन्हात हिंडून हाती काही लागलं नव्हतं, वर परतीची एसटी चुकली. स्टँडवरच्या बाकावर बसून मी ताडकन विचारलं, भुतं खरी ठरली काय नि खोटी ठरली काय, तुम्हाला त्यातून काय मिळणार आहे?

बाईंचा एकुलता एक मुलगा फार वर्षांपूर्वी, मित्राला स्टेशनवरून घेऊन येतो म्हणून घरातून निघाला, तो परत आलाच नाही. पोलीस ठाणी, दवाखाने, बेवारस प्रेतांच्या नोंदी, बाईंनी काही म्हणता काही सोडलं नाही. कुठंच पत्ता लागला नाही. इमारतीत सगळ्यांना हे ठाऊक होतं, पण बाईंसमोर कुणी विषय काढत नसे. त्या दिवशी त्यांनीच काढला.

"गेलेली माणसं दिसतात रे लोकांना. त्या बागवाल्याला त्याची आई दिसली. मला माझा मुलगा एकदाही दिसला नाही. म्हणजे तो आहे कुठंतरी." मग छत्री मांडीवर आडवी घेऊन म्हणाल्या, "पण गेलेली खरंच येतात, हे आधी पक्कं व्हायला हवं ना? तिथं स्वतःला फसवून नाही चालायचं."

त्यानंतर पेट्रोलवरून मी कधी कुरकुर केली नाही.

मागच्या वर्षी बाई अंथरुणाला खिळल्या. एका दुपारी चमच्याने चहा पाजत होतो, तर माझा हात धरून म्हणाल्या, "तिकडं गेले की आधी त्याला शोधणार. नसला तिथं, तर येऊन सांगेन तुला. असला, तर त्याला सोडून कशाला येऊ?"

मी हसण्यावारी न्यायला गेलो आणि मलाच रडू फुटलं.

बाई गेल्या. त्यांच्या भाचीने छत्री मला दिली. मी ती त्यांच्याच बंद दाराच्या कडीला अडकवून ठेवली आहे. भुतांवर माझा आजही विश्वास नाही. तरी संध्याकाळी टीव्हीचा आवाज बारीक करून दाराशी खुर्ची टाकून बसतो. मनात म्हणतो, या हो बाई, एकदाच या, तो तिथं नाही एवढं सांगून जा.

अजून जाळी वाजलेली नाही.