कापूस भिजेपर्यंत

श्रीगजाननाला वंदन करून आज पूजेच्या वेळी पाहिले ते लिहितो. मी निरांजनाच्या फुलवाती तुपात भिजवीत होतो. शेजारी माझा मुलगा माधव ई-सिगारेटच्या रिकाम्या नळीत थेंबथेंब द्रव भरीत होता. भरून झाले तरी तो स्वस्थ बसून राहिला.

"आता थांबलास कशाला?" मी वैतागून विचारले.

"आतला कापूस भिजायला हवा, बाबा. नाहीतर जळतो. तुम्हीच शिकवलंत ना?"

शिकविले होते, देवापुढच्या ज्योतीसाठी! नळी धुणे, वाळविणे, सारे तो निष्ठेने करतो. खोकला दाखवायला डॉक्टरांकडे जाण्यास मात्र त्याला सवड नाही. माणसाची निष्ठा अशी भलत्याच ठिकाणी वाहिलेली पाहिली की संताप होतो. तेवढ्यात त्याला पुन्हा ढास लागली. पूजा तशीच ठेवून मी त्याची पाठ चोळू लागलो.

वाचकहो, तुमच्या घरातील प्रत्येकाचा श्वास ईश्वर मोकळा ठेवो.