पांढरी चार

गेल्या सोमवारी एक मुलगी घरी आली. खांद्याला भली मोठी पिशवी, हातात मुठीएवढं यंत्र. जुन्या नटांचे आवाज जमवून ठेवायचं काम करते म्हणाली. मी म्हटलं, "उशीर केलास बाई. चांगले आवाज सगळे गेले, आता आमच्यासारखे उरलेत." ती हसली. मी काही विनोद केला नव्हता.

एक्केचाळीस वर्षं मी संगीत नाटकात काढली. आता अठ्ठ्याहत्तर पूर्ण. आठवणी सांगा म्हटलं की लोकांना टाळ्या आणि वन्समोअर हवे असतात. मला आठवतात ते बसचे प्रवास, पायाशी कपड्यांची ट्रंक आणि गुडघे हनुवटीला. सहा जणांत एक आरसा. डिंकानं चिकटवलेल्या मिशा ओढून काढताना वरच्या ओठाची निघालेली सालटी. दुपारच्या खेळात राज्य करायचं आणि संध्याकाळी लॉजच्या मोरीत स्वतःचा बनियन धुवायचा. बडा घर पोकळ वासा म्हणतात, तसं ते राज्य. माणूस दमतो हो. नुसतं सांगतानाही दमतो.

पण एक गोष्ट मी कधी दमून सांगितली नाही. ती म्हणजे माझी पट्टी. गाणाऱ्याचा सा पेटीवर जिथे बसतो ती त्याची पट्टी. पुरुष बहुतेक पांढरी एक, काळी एक, फार तर पांढरी दोन. माझी पांढरी चार, म्हणजे चांगलीच उंच. पहिल्या दिवशी कंपनीत पेटीवाल्यानं मला पट्टी विचारली, वहीत लिहून घेतली आणि संपलं. आमच्यात ती एकदाच विचारायची पद्धत. पुढे विंगेत उभं राहायचं, पेटीवाला सा देतो, तो उचलायचा आणि शिरायचं. रोज पट्टी विचारणं म्हणजे रोज आचाऱ्याला मीठ घातलंस का विचारण्यासारखं. तो पळी फेकून मारेल.

मुलीनं यंत्र टेबलावर ठेवलं. "आजोबा, ते तुमचं द्वंद्वगीत हवंय. त्याचं रेकॉर्डिंगच कुठे नाही. पट्टी कोणती?"

"पांढरी चार. दुसरी कुठली असणार?"

तिनं फोनवर तानपुरा लावला. मी सा लावला. लागला, पण टाचा उंचावून फळीवरचा डबा काढावा तसा. ओळ सुरू केली आणि पंचमाच्या पुढे गळ्यानं हात टेकले. पुन्हा केली, पुन्हा तेच.

"तुझं यंत्र बिघडलंय," मी म्हटलं.

"आजोबा, यंत्र ठीक आहे. थोडं खाली घेऊ या का?"

"खाली? सोळा वर्षांपूर्वी शेवटच्या प्रयोगात मी हेच गाणं याच पट्टीत म्हटलं. तीन वन्समोअर घेतले. फोनवर सूर मिळायला लागले तर वाणी गवई होतील!"

ही स्वयंपाकघराच्या दारात पुसायचं फडकं घेऊन उभी होती. ही म्हणजे माझी बायको. एके काळी त्याच नाटकातली माझी नायिका. मुलगी बिचारी गुरुवारी येते म्हणून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "तुमच्या दोघांचा आवाज कुठेच नाही हो. हे एकच राहणार आहे." ते मला लागलं. आपण गेल्यावर आपलं काय राहणार हे ज्याला कळलं, त्याला झोप कशी यावी?

दुसऱ्या दिवशी पेटीवाल्याकडे गेलो. यंत्र खोटं आहे हे सांगणारा तोच एक जिवंत उरला होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही. प्रत्येक वळणावर थांबून मी त्याच्या मुलाला शिव्या दिल्या, आईबापाला इतक्या वर ठेवतात का म्हणून. दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात लकव्यानं गेला. कॉटवर बसून डाव्या हातानं तो बनियनच्या भोकात बोट घालून फिरवत होता.

"तुझी पेटी काढ," मी म्हटलं. "पांढरी चार वाजव."

कॉटखालून पेटी निघाली. मी भाता मारला, त्यानं डाव्या हातानं सूर दाबला. फोनवरचाच सूर. तोच उंच, न पोहोचणारा.

"बरं. आता आपल्या शेवटच्या प्रयोगातला सा वाजव."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. बोट पट्ट्यांवरून खाली सरकत गेलं आणि काळी एकवर थांबलं. त्या सुरानं मला लगेच ओळखलं. विंगेत उभं राहून हजार वेळा उचललेला माझा सा. पांढरी चारपासून पूर्ण दोन स्वर खाली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू एक्केचाळीसचा होतास. एका दुपारच्या खेळात तुझा वरचा सूर चिरला. आठवतं?"

"सर्दी होती."

"सर्दीच होती," तो म्हणाला. "नंतर सर्दी गेली आणि चीर राहिली. पुढच्या गावी अर्धा स्वर उतरवला. तुला कळलं नाही. मग तीन-चार वर्षांनी अजून अर्धा. असं करत करत."

मला आठवलं. त्याच सुमारास यानं आपली बैठक फिरवून घेतली होती. विंगेकडे पाठ. मान धरते म्हणायचा. मी सगळ्या कंपनीत त्याची टिंगल केली होती, पेटीवाल्याला आता प्रेक्षकांत बसलेल्या बायका बघायच्या आहेत म्हणून. मान धरली नव्हती. मला पट्ट्या दिसू नयेत एवढंच होतं.

"तबलजीला माहीत होतं?"

"तबला काय स्वतःच्या मनानं वाजतो? त्याच पट्टीत लावावा लागतो ना. सगळ्यांना माहीत होतं, अगदी पडदेवाल्यालाही."

म्हणजे मी चहाच्या टपरीवर छाती काढून पांढरी चार सांगत होतो आणि वीस माणसं कपात तोंड घालून बसत होती. एवढ्या वर्षांत एकही हसला नाही. मला राग यायला हवा होता. तो आला, पण जिन्यातच दमला असावा.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू गायला असतास? दुसऱ्या दिवशी वळकटी बांधून घरी गेला असतास. तुझ्यावर कंपनी चालत होती."

"मनानंच केलंस हे?"

त्याचं बोट पुन्हा बनियनच्या भोकात गेलं. मग म्हणाला, "वहिनी आल्या होत्या माझ्याकडे. तुझा आवाज चिरला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणाल्या, भावजी, अर्धा स्वर उतरवा, पण यांना कळू देऊ नका. मी म्हटलं, वहिनी, तुमच्या ओळीचं काय होईल? तर म्हणाल्या, माझं मी बघते."

तिची ओळ. त्या द्वंद्वगीतात माझी ओळ चढत जाऊन वरच्या षड्जावर थांबायची, आणि तिथून हिची ओळ पायरी पायरीनं खर्जात उतरायची. पांढरी चारमध्ये तो शेवटचा खालचा सूर ती असा ठेवायची की मागच्या रांगेतला खोकणारा माणूस खोकला गिळायचा. पट्टी जसजशी उतरली, तसतसा तो सूर तिच्या गळ्याच्या खाली गेला. आधी पुसट झाला. मग नुसता श्वास उरला. बाईचा गळा तो, अजून किती खाली जाणार?

आणि मी काय केलं? रंगमंचावर तिचा हात हातात घेऊन, प्रेक्षकांकडे हसत, ओठांच्या कोपऱ्यातून म्हणायचो, "आवाज काढ, आवाज." प्रयोगागणिक म्हणायचो. ती माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, चूक कळतेय पण सुधारता येत नाही. शेवटी मीच मालकांकडे गेलो. म्हणालो, हिचा आवाज बसलाय, गाणं पडतं, दुसरी मुलगी बघा. आपली बायको असूनही आपण नाटकाचं हित पाहिलं, म्हणून मालकांनी माझी पाठ थोपटली. मला तेव्हा फार मोठं वाटलं होतं. आज त्या पाठीची लाज वाटते.

नवी मुलगी आली. तिच्यासाठी पेटीवाल्यानं ती ओळ खाली न उतरवता वरून फिरवली. ही कपड्यांच्या खोलीत गेली. पुढची पंधरा वर्षं विंगेत सुई-दोरा घेऊन बसली, माझ्या अंगरख्याची बटणं लावत. घरीही गुणगुणताना मी तिला पुन्हा कधी ऐकलं नाही. मला वाटायचं, बसलेल्या आवाजाची लाज वाटत असेल.

घरी आलो. तिनं दार उघडलं.

"काय म्हणाले भावजी?"

"हात तसाच आहे म्हणाला."

"एवढंच विचारायला तीन मजले चढलात?" असं म्हणून ती आत गेली. मी चपला हातात धरून तिथेच उभा राहिलो. सगळं आयुष्य दुसऱ्यानं लिहिलेलं बोलण्यात गेलं, स्वतःचं एक वाक्य जमेना.

गुरुवारी मुलगी आली. यंत्र लावलं, लाल दिवा पेटला. "आजोबा, त्या दिवशीचं ऐकून पाहिलं. आज काळी एक ठेवू या का? तुम्हाला बरं पडेल." फार समजूतदार पोरगी. काळी एकमध्ये मी ते गाणं अजूनही झोकात म्हटलं असतं, आणि माझ्यामागे तेच राहिलं असतं.

"थांब," मी म्हटलं. "अगं, जरा बाहेर ये."

ही हात पुसत आली. मी तिच्याकडे न बघता यंत्राकडे बघून बोललो. तेवढंच जमलं. "माझी पट्टी एक्केचाळिसाव्या वर्षी उतरली. हिनं ती प्रेक्षकांना कळू दिली नाही, मलाही नाही. हिचा आवाज कधीच बसला नव्हता. बसला होता माझा. आणि विंगेत बसवलं मी हिला."

ही खुर्चीची पाठ धरून उभी. मग म्हणाली, "भावजींच्या तोंडात तीळ भिजत नाही. इतकी वर्षं गप्प राहिले तेच नवल."

"पांढरी चार लाव," मी मुलीला सांगितलं. "दोघं म्हणणार."

"अहो, तुम्हाला जमणार नाही," ही म्हणाली.

"माहीत आहे."

"सगळं बिघडेल. ती सांगतेय ना, हे एकच राहणार आहे."

"म्हणूनच. उभी राहा इथे."

तिनं पदर खोचला, पूर्वी विंगेत खोचायची तसा. तानपुरा सुरू झाला. मी ओळ उचलली. पंचमापर्यंत कसाबसा गेलो, पुढे गळ्यातल्या शिरा तटतटल्या, आणि वरच्या षड्जाला आवाज जुन्या चादरीसारखा टर्रकन फाटला. मुलीनं थांबवायला हात उचलला. मी मानेनं नको म्हटलं, कारण हिची ओळ सुरू झाली होती.

तीस-एकतीस वर्षांत न गायलेला गळा. पहिल्या दोन जागा थरथरल्या. मग ती एकेक पायरी बघून उतरत गेली, आणि तो शेवटचा खालचा सूर तिनं ठेवला. स्पष्ट, भरलेला. मी रडलो. नटाचं रडणं नव्हे, नाक गळणारं.

मुलीनं दिवा बंद केला. चाचरत म्हणाली, "आजींचं फारच सुंदर झालंय. आजोबा, तुमचा तो वरचा सूर... तेवढा कापता येईल मला. किंवा तुमची ओळ खालच्या पट्टीत वेगळी घेऊन जोडता येईल. कुणाला कळणार नाही."

हिनं माझ्याकडे पाहिलं. रंगमंचावर बघायची तसंच.

"नको," मी म्हटलं. "खूप झालं कळू न देणं. फाटलाय तसाच ठेव. आणि खाली लिही, पट्टी पांढरी चार, हिची."