बाळंतपणाच्या खोलीतल्या खुर्च्या

पलीकडच्या वस्तीतल्या काही बायका परवा आमच्याकडे आल्या. त्यांच्या दवाखान्यात शिकलेली सुईण नेमलेली आहे, बाळंतपणाची खोली आहे, दारावर तशी पाटीही आहे. खोलीत मात्र कपाटं भरून ठेवलेली आहेत. "तुम्ही तुमची खोली कशी मिळवलीत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आम्ही नाही मिळवली, खुर्चीमावशीने मिळवली. आम्ही ओरडत होतो. त्या म्हणाल्या, मग तिचंच सांगा.

खुर्चीमावशी म्हणजे वेताच्या खुर्च्या विणणारी बाई. घर म्हणजे एक खोली आणि पुढे ओटा, आणि ओट्यावर कायम कुणाची तरी बूड गेलेली खुर्ची. वेत बादलीत भिजवायचा, मऊ झाला की भोकांतून ओवून ताणायचा, टोक दातांत धरायचं आणि मोकळ्या झालेल्या दोन्ही हातांनी भोकात खुंटी ठोकायची. वाळला की वेत आवळतो आणि जाळीवर टिचकी मारली तर टणकन वाजते. दातांत कायम टोक असल्यामुळे मावशीचं निम्मं बोलणं म्हणजे "हं". उरलेलं निम्मं ऐकल्यावर वाटतं, "हं"च बरं होतं.

स्वतः ती खुर्चीवर बसत नाही, फरशीवर मांडी घालते. "वर बसलेल्याला खुर्ची दिसते का कधी?" असं म्हणते. हे ती खुर्च्यांबद्दलच म्हणते. मी दुसऱ्याच कुणाबद्दल समजून टाळी दिली तर माझ्याकडे बघत राहिली.

आम्ही आया मिळून वर्षभर दवाखान्यात खेटे घालत होतो. आमची सुईणताई रीतसर शिकून, परीक्षा देऊन आलेली बाई. पण बाळंतपणाची खोली मोकळी नाही म्हणून तिला केसपेपरच्या खिडकीत बसवलं होतं. बाळंतपणं करायला शिकलेली बाई दिवसभर "वय किती, पत्ता काय, पुढे सरका" करायची. आणि आमच्या पोरी कळा आल्या की बस बदलत बदलत मोठ्या हॉस्पिटलात जायच्या. मावशी आमच्यात एकदाही आली नव्हती. मी बोलवायला गेले की म्हणायची, "मोर्चा काढ. जाताना ती बादली इकडे सरकव."

ती आली ती लेकीमुळे. लेकीचं पहिलं बाळंतपण मोठ्या हॉस्पिटलात झालं होतं. एका खाटेवर दोघी. कुणी नाव विचारलं नाही. कळा सोसवेनात तेव्हा तिथली एक बाई म्हणाली, "आता कशाला ओरडतेस? तेव्हा नाही ओरडलीस." मूल धडधाकट झालं, म्हणून सगळ्यांनी छान झालं म्हटलं. दुसऱ्यांदा दिवस गेले आणि पोट दिसायला लागलं तेव्हा लेक म्हणाली, "आई, तिकडे मी पाऊल ठेवणार नाही. घरीच होईन मोकळी."

"कुणाच्या हातून?"

"कुणाच्याच नाही. माझी मी."

मावशीने खुंटी खाली ठेवली. "तुझ्या पाठचा एक होता," ती म्हणाली. "घरीच झाला. कुणाच्याच हातून नाही."

लेकीला हे माहीत नव्हतं. मावशीने खुंटी उचलली आणि ठोकली. दुसऱ्या दिवशी ती आमच्याबरोबर दवाखान्याच्या मोठ्या साहेबांसमोर उभी होती.

साहेब म्हणाले, "खोली नाही."

मी म्हटलं, "आहे. दारावर पाटी आहे."

"पाटी आहे. खोलीत खुर्च्या आहेत."

"काढा बाहेर."

"मोडक्या असल्या तरी दवाखान्याच्या आहेत बाई. उघड्यावर टाकता येत नाहीत."

"मग फेकून द्या!"

"फेकायच्या आधी त्या तपासायला वरून माणूस यावा लागतो."

"कधी येतो तो?"

"यायचाच आहे."

मी टेबलावर हात आपटला. साहेबांचा चहा हिंदकळला. पुढे बरंच काही बोलायचं होतं, पण मावशी मध्येच म्हणाली, "साहेब, तुमच्या खुर्चीची जाळी डाव्या अंगाला सुटलीय. चार दिवसांत खाली याल."

साहेब उठून वाकून बघायला लागले. खरंच सुटली होती.

"आतल्या खुर्च्यांनाही बूडच नाही ना?" मावशी म्हणाली. "मी विणून देते. मग त्या मोडक्या राहणार नाहीत. मग बाहेर काढाल?"

साहेब हसले. "करा की," म्हणाले. त्यांना वाटलं, एक करील, दोन करील, कंटाळून घरी जाईल. माणसं ओळखायची असतात ती फक्त खिडकीतल्या बायकांनी, साहेब लोकांना तशी गरज पडत नाही.

दवाखान्याच्या मागच्या अंगणात मावशीने बस्तान मांडलं. वेत तिचा, हत्यारं तिची. आम्ही आया आलटून पालटून खुर्च्या बाहेर आणायच्या, कुजलेला वेत उपसायचा, पाणी भरायचं. मी एकदा विणायला बसले. मावशीने बघितलं, काही न बोलता सगळं सोडवलं आणि माझ्या हातात झाडू दिला.

लेक पोट सावरत बादलीपाशी बसायची, वेत उलटापालटा करत. "आई, आधी खुर्च्या होतील का बाळ?"

"दोघांनाही सांगून ठेवलंय."

खुर्च्या झाल्या. साहेब बघायला आले, एकीवर बसले, उठले, परत बसले, जरा उसळूनही पाहिलं. चेहरा खुलला. "वा! आता काहीतरी करता येईल," म्हणाले. आम्ही त्या दिवशी खूश होऊन घरी गेलो. माझ्यासारखी बाई खूश होऊन घरी जाते तेव्हाच घात होतो, हे मला आता कळलंय.

सकाळी येऊन बघतो तर त्या सगळ्या खुर्च्या परत त्याच खोलीत. रांगेत. पुढे टेबल, टेबलावर स्वच्छ कापड. जुन्या पाटीवर नवी पाटी ठोकलेली: सभागृह.

माझं डोकं फिरलं. "मावशी, हत्यार काढा! कापा सगळ्या जाळ्या! बसू देत सभा घेत भोकांत!"

"माझं विणलेलं मी कापत नाही," मावशी म्हणाली. मग रांगेकडे बघून म्हणाली, "लावल्यात पण तिरक्या."

लेक दारात उभी होती. "म्हणजे घरीच," ती म्हणाली आणि वळली.

मावशी तिच्या पाठीकडे बघत राहिली. मग खोलीत गेली, दाराजवळची खुर्ची उचलली आणि बाहेर व्हरांड्यात आणली. तिथे नेहमीसारखी डॉक्टरांसाठी रांग होती. कुणी भिंतीला टेकलेलं, कुणी उकिडवं, पुढेच एक आजोबा काठीवर सगळा भार टाकून. मावशीने खुर्ची त्यांच्या मागे ठेवली.

"बसा आजोबा."

"माझी पाळी आली का?"

"बसायची आली."

आजोबा बसले. मावशी परत आत गेली. तेवढं बघून आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आम्हीही धावलो. एकीने गुडघे धरून बसलेल्या आजीला बसवलं, एकीने कडेवर लेकरू घेतलेल्या बाईला. बघता बघता सभागृह रिकामं आणि व्हरांडा भरलेला.

खुर्च्या राखणारा शिपाई धावत आला. "हे काय चाललंय? खुर्च्या आत ठेवा!"

"ठेव की," मावशी म्हणाली. "आधी आजोबांना उठव."

शिपायाने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी काठी जरा वर उचलली.

"मी साहेबांना बोलवतो."

"बोलव. त्यांनाही बघू दे."

साहेब आले. ते तोंड उघडणार तोच गुडघेवाल्या आजी म्हणाल्या, "तुम्हीच ना इथले मोठे? देव तुमचं भलं करो बाबा. इतकी वर्षं येतेय, बसा म्हणणारा पहिलाच भेटला."

सगळा व्हरांडा साहेबांकडे बघायला लागला.

"हो हो," साहेब म्हणाले. "रुग्णांची सोय महत्त्वाची." ही गोष्ट त्यांच्या मनात फार पूर्वीपासून होती, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. आम्ही मान डोलावली. मी तर दोनदा डोलावली, आणि ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं.

तेवढ्यात सुईणताई खिडकीतून उठली. "साहेब, खोली रिकामी झालीय. मी माझं सामान लावून घेते."

"मग खिडकीत कोण बसणार?" शिपाई म्हणाला.

"खुर्च्या राखायचं काम ज्याचं संपलं तो," ती म्हणाली. साहेबांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, आजींकडे पाहिलं आणि मिटलं.

शिपाई आता खिडकीत बसतो. वय विचारताना चिडतो, पण करतो. खोली धुतली, खाट आली, आणि बाळंतपण अडलंच तर मोठ्या हॉस्पिटलात न्यायला गाडी दाराशी उभी राहील, हे आम्ही साहेबांकडून कबूल करून घेतलं. नवी पाटी उतरवली तेव्हा खाली जुनी तशीच होती. सुईणताईने लेकीला तपासलं, तिचं पहिलं बाळंतपण कसं झालं ते विचारलं. लेक बराच वेळ बोलत होती. बाहेर आली आणि आईला म्हणाली, "इथे येईन."

मग ती आली. भर दुपारी, चालत, नवऱ्याचा हात धरून. सुईणताई म्हणाली, सोबत एक जण चालेल, कोण हवं? मावशीने पदर खोचला.

"हे येतील," लेक नवऱ्याकडे बघून म्हणाली. "आई नको. ती मला रागावेल."

दार बंद झालं. मावशीने खोचलेला पदर सोडला. आतून लेकीचा आवाज आला, मग सुईणताईचा, हळू, मग पुन्हा लेकीचा, मोठ्याने. ओरडू नको असं कुणी म्हटलं नाही.

मावशी रांगेतल्या आजोबांना म्हणाली, "जरा उठा. तुमची खुर्ची सैल झालीय."

"मला तर बरी वाटते."

"उठा म्हणते ना."

आजोबा उठले. तिने खुर्ची फरशीवर उलटी केली, पिशवीतून हत्यार काढलं आणि खाली मान घालून कामाला लागली. आतला आवाज वाढला की तिचा हात भरभर चालायचा. मी शेजारी बसले होते. मलाही काही सुचत नव्हतं, म्हणून मी शिपायावर ओरडून आले.

मग आत एक वेगळाच, बारीक, रागावलेला आवाज आला. दार उघडलं. सुईणताईच्या कपाळावर घाम होता.

"मावशी, नात झाली. दोघी छान आहेत. या."

मावशीच्या दातांत वेताचं टोक होतं. "हं," ती म्हणाली.

"अहो, नात!" मी म्हटलं.

"हं."

तिने खुंटी ठोकली. चुकली. परत ठोकली, परत चुकली. आजवर तिची खुंटी चुकलेली मी पाहिली नव्हती. तिसऱ्यांदा बसली. तिने टोक सोडलं, खुर्ची सरळ करून आजोबांच्या मागे ठेवली आणि पदराने तोंड पुसत आत गेली.

आजोबा बसता बसता थांबले. "काय हो बाई, एवढी काय झाली होती हिला? परवाच तर पक्की विणलेली."

मी खाली वाकून फरशीवर पडलेले वेताचे तुकडे गोळा केले. नवेच होते, पिवळेधमक. सरळ कापलेले.

"सैल होती," मी म्हटलं. "बसा तुम्ही."