होन्नव्वा नावाची मुलगी

शाळेत हजेरी घेणाऱ्या बाईंचा आवाज माझ्या नावापाशी येऊन थबकायचा, तेव्हा पत्र्याखाली तापलेल्या त्या वर्गात खडूचा, घामाचा आणि खिडकीबाहेरून जाणाऱ्या कडब्याच्या गाडीचा वास एकदम दाटून यायचा... मग बाई मोठ्या कष्टाने ‘होनवा’ म्हणायच्या. कधी ‘हनुवा’. मी उभी राहून ‘हजर’ म्हणे आणि मागच्या बाकांवर खसखस पिके. माझं नाव होन्नव्वा. कानडीत होन्नु म्हणजे सोनं. मधल्या ‘न्न’वर जीभ जरा टेकवायची, शेवटच्या ‘व्वा’वर किंचित रेंगाळायचं, एवढंच... पण सोलापुरातल्या आमच्या शाळेत ते कुणाला जमलं नाही, आणि पुढे ऑफिसात तर मीच कंटाळून ‘हेमा म्हणा’ असं सांगू लागले.

हे नाव मला आत्यामुळे मिळालं. आईने ‘स्वाती’ ठरवलं होतं. त्या काळी घरटी एक स्वाती असायची. पण बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आमच्याकडे आत्या जे बोलली ते बोलली, त्यात मग बदल नाही. माझी आजी, म्हणजे माझ्या वडिलांची, अप्पांची आई, त्याच वर्षी गेली होती. आत्या पाळण्यावर वाकली, बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि ती सरळ झाली ती आजीचं नाव सांगूनच. आई कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलत नव्हती म्हणे. अप्पांनी मात्र मला कधी ‘ए पोरी’ म्हटलं नाही. शेंगाचटणीच्या खलबत्त्यापाशी बसलेले, तिखटाने घसा धरलेला, तरी हाक पूर्ण मारायचे... त्यांच्या तोंडी ते नाव ऊन भाकरीसारखं मऊ लागे.

गेल्या वर्षी धाकट्या भावाला मुलगी झाली आणि कानात नाव सांगायची पाळी माझ्यावर आली.

“अक्का, आमचं आयरा ठरलंय की,” भाऊ म्हणाला. “मोबाईलवर बघितलं, सध्या लई चालतंय. म्हणायलाबी सोपं.”

अप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. ते माझ्याकडे बघत राहिले. आपल्या आईचं नाव या घरात पुढे राहावं ही त्यांची इच्छा सगळ्यांना ठाऊक होती, आणि माझ्यानंतर ते घेणारं दुसरं कुणी नव्हतं. मी पाळण्यावर वाकले. वेखंडाचा, दुधाचा, काजळाचा वास... पाठीवर धपाटे पडत होते, आणि मनात आलं, आता मी जे बोलेन ते कुणाला पुसता येणार नाही. त्या एवढ्याशा कानाशी मला शाळेतली प्रत्येक हजेरी आठवली, बँकेतली, दवाखान्यातली प्रत्येक खिडकी आठवली, जिथे मी माझंच नाव फोड करून करून सांगितलं होतं. फार दमल्यासारखं झालं. मी ‘आयरा’ म्हणाले.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी भांडी आवरत होते, तेव्हा अप्पा स्वयंपाकघरात आले. मला वाटलं, आता रागावतील.

“बरं केलंस,” ते म्हणाले. “तुला लई तरास झाला त्या नावाचा. मला दिसत हुतं की. पण तुला हाक मारायची म्हटलं की दुसरं काय तोंडात येईना... काय करू?”

ते रागावले असते तर मला चाललं असतं. मी नळाखाली हात धरून रडत राहिले, आणि ते तिथेच दाराला टेकून उभे होते.

या उन्हाळ्यात अप्पा गेले. आयरा आता चालते. गल्लीत आणखी एक आयरा आहे. एकीला हाक मारली की दोघी वळून बघतात. मला बाहेर सगळे हेमा म्हणतात, घरात भाऊ अक्का म्हणतो, कुणाचं काही अडत नाही. परवा दुपारी घरात कुणी नव्हतं. मी ते नाव मोठ्याने म्हणून पाहिलं, पुन्हा म्हटलं... मलाही ते अप्पांसारखं म्हणता येत नाही.